सात सामने, सात पराभव: नवख्या क्वार्टरबॅकभोवती संघ उभा राहतो तेव्हा

## हेच प्रकरण का

२० नोव्हेंबर २०१६. लॉस एंजेलिसच्या मेमोरियल कोलिझियमवर पाऊस पडत होता. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, सगळ्यात आधी निवडलेला क्वार्टरबॅक जेरेड गॉफ एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधला पहिला सामना खेळायला उतरला, तोवर मोसमातले नऊ सामने होऊन गेले होते. चौथ्या सत्रात त्याचा संघ रॅम्स १०-० असा पुढे होता. शेवटच्या काही मिनिटांत मायामी डॉल्फिन्सनी दोन टचडाउन केले, म्हणजे चेंडू दोनदा गोलरेषेपार नेला, आणि सामना १४-१० असा खेचून नेला. गॉफचे ३१ पैकी १७ पास पूर्ण झाले, यार्ड मिळाले १३४. त्यानंतरचे सहाही सामने तो हरला. रॅम्सचा मोसम ४-१२ वर, म्हणजे चार विजय आणि बारा पराभवांवर संपला, तोपर्यंत त्याला ‘फसलेली निवड’ म्हणणाऱ्यांची कमी नव्हती.

पुढच्या मोसमात मुलगा तोच, मैदान तेच. पण आदल्या वर्षी केलेल्या गुणांच्या यादीत ३२ संघांमध्ये तळाला असलेला हा संघ थेट पहिल्या क्रमांकावर गेला. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, सुरू झाल्यापासून असं कुणालाही जमलं नव्हतं.

नवख्या खेळाडूच्या प्रगतीत संघाचा वाटा किती, हा प्रश्न एरवी हवेतच राहतो. खेळाडू आणि संघ एकमेकांपासून सुटे करून मोजता येत नाहीत. गॉफच्या बाबतीत मात्र बारा महिन्यांत त्याच्याभोवतीचं जवळजवळ सगळं बदललं आणि तो जागच्या जागी राहिला. म्हणून हे प्रकरण मला मोलाचं वाटतं. सगळं जाहीर असल्यामुळे नावं झाकण्याची गरज नाही.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. प्रत्येक चाल क्वार्टरबॅकपासून सुरू होते. सेंटर पायांमधून चेंडू मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. त्यानंतर क्वार्टरबॅककडे साधारण अडीच-तीन सेकंद असतात. तेवढ्यात बचाव वाचायचा, मोकळा रिसीव्हर शोधायचा आणि चेंडू सोडायचा. ही अडीच सेकंदं त्याला त्याच्या समोरचे पाच लाइनमन मिळवून देतात. लाइन फुटली तर तो चेंडूसकट मागच्या मागे आडवा होतो. हाच सॅक.

## पार्श्वभूमी

गॉफ सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला नोवॅटो या गावात वाढला आणि बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून खेळला. तिथे पहिल्याच वर्षी, २०१३ मध्ये, तो मुख्य क्वार्टरबॅक होता आणि संघ बारापैकी अकरा सामने हरला. तिसऱ्या वर्षी त्याच संघाने आठ सामने जिंकले आणि मोसमाअखेरचा मानाचा बोल सामनाही मारला. म्हणजे हरणं त्याला नवं नव्हतं. आजूबाजूचा संघ सावरला की आपणही सावरतो, हे तो एकदा अनुभवून आलेला होता.

पण विद्यापीठातली शिकवण वेगळी होती. तिथे हडल, म्हणजे चालीआधी खेळाडूंनी करायचं कोंडाळं, नव्हतं. चाल बाहेरून, रेषेवरच्या प्रशिक्षकांच्या खुणांनी यायची. क्वार्टरबॅक सेंटरपासून काही यार्ड मागे, शॉटगनमध्ये उभा असायचा आणि रिसीव्हर मैदानभर पसरलेले असायचे. व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्याला दहा जणांच्या कोंडाळ्यात उभं राहून चाल तोंडाने सांगायची होती. अशी चाल ऐकायला साधारण या धाटणीची असते: ‘ट्रिप्स राइट, झेड शॉर्ट, टू जेट, एक्स स्लँट, ऑन टू’. त्यात रचना आली, कोण सरकणार ते आलं, लाइनने कुणाला अडवायचं ते आलं, रिसीव्हरची वाट आली आणि कितव्या हाकेला चेंडू निघणार तेही आलं. हे एका दमात, न अडखळता सांगायचं. नंतर सेंटरच्या मागे वाकून चेंडू हातात घ्यायचा, पाच किंवा सात पावलं मागे यायचं आणि कधीकधी बचावाकडे पाठ करून पुन्हा वळायचं. ज्याने तीन वर्षं हे केलंच नाही त्याला ते नव्याने शिकावं लागतं आणि शिकवायला कुणीतरी लागतं.

संघाचं स्वतःचंही बिऱ्हाड पाठीवर होतं. जानेवारी २०१६ मध्ये रॅम्सना सेंट लुइसहून लॉस एंजेलिसला परतण्याची परवानगी मिळाली. वसंतातला सराव ऑक्सनार्डला, उन्हाळी शिबिर अर्व्हाइनला, मोसम थाउजंड ओक्सला. खेळाडू, प्रशिक्षक सगळेच घर शोधत होते, मुलांच्या शाळा शोधत होते. त्यात शिबिरात एचबीओ वाहिनीचे कॅमेरे. नव्या शहराला एक चेहरा हवा होता, आणि तो २१ वर्षांच्या गॉफचा असणार हे आधीच ठरलं होतं.

पहिल्या क्रमांकाची किंमतही मोठी होती. ती निवड मिळवायला रॅम्सनी टेनेसी टायटन्सला २०१६ ची पहिल्या फेरीची निवड, दुसऱ्या फेरीच्या दोन आणि तिसऱ्या फेरीची एक दिली. शिवाय २०१७ च्या पहिल्या आणि तिसऱ्या फेरीच्या निवडीही दिल्या. ज्या निवडींमधून क्वार्टरबॅकसमोर उभे राहणारे लाइनमन यायचे, त्याच क्वार्टरबॅकसाठी खर्ची पडल्या. गॉफनंतर रॅम्सची पुढची निवड थेट चौथ्या फेरीत आली. त्या वर्षी निवडलेल्या सहा जणांत एकही लाइनमन नव्हता.

## अडचण

मोसमाचा पहिला सामना १२ सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध होता. गॉफ राखीव खेळाडूंच्या यादीतही नव्हता. केस कीनम पहिला, शॉन मॅनियन दुसरा, गॉफ तिसरा. रॅम्स २८-० असे हरले.

ज्याला तिसरा क्रमांक मिळतो त्याचा आठवडा कसा जातो, हे समजून घ्यायला हवं. मोसमात सरावाचे तास मोजके असतात आणि मुख्य खेळाडूंबरोबरच्या बहुतेक सगळ्या चाली पहिल्या क्वार्टरबॅकला मिळतात. तिसऱ्याने बहुधा पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करायची, म्हणजे हातात कार्ड धरून दुसऱ्याच संघाच्या चाली आपल्या बचावासमोर चालवायच्या. ज्या रिसीव्हरांना पुढे पास द्यायचे त्यांच्याबरोबर हात बसतच नाही. ‘बाकावर बसून शिकतोय’ हे वाक्य कानाला छान वाटतं. पण बाकावर बसवून शिकवायची वेगळी तजवीज नसेल तर तो नुसता बसलेला असतो.

मैदानावरची स्थिती आणखी वाईट. डावा टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाचा लाइनमन, ग्रेग रॉबिन्सन २०१४ च्या ड्राफ्टमधली दुसऱ्या क्रमांकाची निवड, पण त्याचा खेळ बसलाच नव्हता. उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकच्या पाठीमागची, न दिसणारी बाजू हाच टॅकल सांभाळतो. धावणारा टॉड गर्ली २०१५ मध्ये सर्वोत्तम नवखा आक्रमक ठरला होता. २०१६ मध्ये त्याला धावेमागे सरासरी ३.२ यार्ड मिळाले. धाव चालत नाही म्हटल्यावर बचाव निर्धास्तपणे पासवर तुटून पडतो. रॅम्सचं आक्रमण यार्डांतही शेवटचं, गुणांतही शेवटचं.

आणि एक खूण तर समोरच होती. याच संघात २०१५ मध्ये निक फोल्स क्वार्टरबॅक होता. तो फसला, त्याला बाकावर बसवलं आणि पुढच्या उन्हाळ्यात सोडून दिलं. २०१६ मध्ये कीनमने नऊ सामन्यांत ९ टचडाउन पास दिले आणि ११ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला. मग गॉफ. पुढे काय झालं पाहा. २०१७ च्या मोसमात कीनमने मिनेसोटाला कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत, म्हणजे सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे नेलं आणि त्याच्या नावावर २२ टचडाउनांना ७ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास) लागले. त्याच मोसमाच्या शेवटी फोल्स फिलाडेल्फियाकडून सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. गॉफ रॅम्समध्येच बहरला. एका छपराखाली लागोपाठ तिघे कोमेजतात आणि ते छप्पर बदललं की तिघेही एकाच मोसमात उभे राहतात, तेव्हा दोष तिघांच्या हातात शोधण्यात काय अर्थ?

## समोर कोणते पर्याय होते

मुख्य प्रशिक्षक जेफ फिशर यांच्यासमोर २०१६ मध्ये ढोबळमानाने तीन वाटा होत्या.

पहिली, पहिल्या दिवसापासून खेळवणं. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या कार्सन वेन्ट्झला फिलाडेल्फियाने असंच उतरवलं. संघ ७-९ असा संपला, पण वेन्ट्झभोवती मुख्य प्रशिक्षक डग पीडरसन आणि आक्रमणाचे समन्वयक फ्रँक राइक हे दोघेही स्वतः क्वार्टरबॅक म्हणून खेळलेले होते. चौथ्या फेरीत निवडलेला डॅलसचा डॅक प्रेस्कॉटही पहिल्या सामन्यापासून खेळला. त्याच्यापुढे टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक, झॅक मार्टिन अशी भिंत होती आणि संघ १३-३ गेला.

दुसरी वाट, वर्षभर थांबवणं. फिशर यांनी स्वतः ही वाट चोखाळलेली होती. १९९५ मध्ये निवडलेल्या स्टीव्ह मॅकनेअरला त्यांनी दोन वर्षं जवळजवळ पूर्ण बाकावर ठेवलं, १९९७ पासून मुख्य केलं आणि पुढे तो सुपर बोलपर्यंत गेला. त्यामुळे थांबवण्याची कल्पना चुकीची होती असं मी म्हणणार नाही. रॅम्सनंतर वर्षभराने कॅन्सस सिटीने पॅट्रिक महोम्सलाही ॲलेक्स स्मिथच्या मागे असंच थांबवलं. पण तिथे पुढे एक स्थिरावलेला, जिंकणारा क्वार्टरबॅक होता, ज्याच्याकडे बघून आठवडा कसा काढायचा हे शिकता येत होतं.

तिसरी वाट, ठरावीक टप्पा आखून मध्येच उतरवणं. तोपर्यंत सरावाच्या चाली हळूहळू वाढवायच्या, चालींची यादी त्याच्या सवयीप्रमाणे छाटायची.

रॅम्सनी दुसरीने सुरुवात केली आणि तिसरीवर येऊन पडले. मधला आराखडा मात्र बाहेरून तरी कुठे दिसला नाही.

## काय केलं गेलं: २०१६

या वर्षातला कळीचा क्षण माझ्या मते नोव्हेंबरचा नाही, ऑक्टोबरचा आहे. २३ ऑक्टोबरला लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर रॅम्स न्यूयॉर्क जायंट्सकडून १७-१० हरले. कीनमने चार वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याला दिला. संघ ३-१ वरून ३-४ वर घसरला होता आणि पुढचा आठवडा सुट्टीचा होता. पुढच्या सामन्याला दोन आठवडे. नवख्याला मुख्य खेळाडूंबरोबर सराव द्यायला, चाली छाटायला यापेक्षा चांगली संधी मोसमात येत नाही. फिशर यांनी कीनमलाच कायम ठेवलं. कॅरोलायनाविरुद्ध १३-१० असा पराभव, मग जेट्सविरुद्ध टचडाउन न करता ९-६ असा विजय. त्यानंतर, एका साध्या आठवड्याच्या मोजक्या सरावावर, गॉफला उतरवलं.

सुट्टीच्या आठवड्यात निर्णय न घेण्याचं कारण समजण्यासारखं आहे. संघ अजून पात्रतेच्या शर्यतीत होता, ड्रेसिंग रूममधल्या ज्येष्ठांना आपण मोसम सोडून दिला असं वाटायला नको होतं. पण त्या काळजीचं ओझं शेवटी नवख्याच्या खांद्यावर आलं.

पुढचं भराभर घडलं. न्यू ऑर्लिन्सकडून ४९-२१ असा पराभव, त्यात गॉफचे तीन टचडाउन पास. मग न्यू इंग्लंडकडून २६-१०. अटलांटाकडून ४२-१४ असा पराभव झाला आणि दुसऱ्या दिवशी, १२ डिसेंबरला, फिशर यांना काढलं. तीन दिवसांनी गुरुवारचा सिएटलचा सामना. हंगामी मुख्य प्रशिक्षक झालेले जॉन फासेल किकिंग संघ सांभाळणारे. त्या सामन्यात गोलरेषेजवळ धावताना रिचर्ड शरमनच्या धडकेने गॉफच्या डोक्याला मार बसला. आठवड्यापूर्वी तो ज्यांच्या हाताखाली होता ते गेले, आणि जे आले त्यांच्या हाती तीन दिवस होते. त्याने खेळायचं ते खेळला.

सात सामन्यांचा हिशोब असा: ५४.६ टक्के पास पूर्ण, १,०८९ यार्ड, ५ टचडाउन, ७ इंटरसेप्शन, २६ सॅक. पासच्या दर शंभर प्रयत्नांत अकराहून जास्त वेळा तो आडवा झाला.

## काय केलं गेलं: २०१७

१२ जानेवारी २०१७ ला रॅम्सनी शॉन मॅकव्हे यांना मुख्य प्रशिक्षक केलं. वय ३० वर्षं. आधुनिक एनएफएलमधले सगळ्यात तरुण. वॉशिंग्टनमध्ये कर्क कझिन्सबरोबर त्यांचं काम झालेलं होतं. बचाव त्यांनी अनुभवी वेड फिलिप्स यांच्यावर सोपवला आणि आपलं लक्ष आक्रमणावर ठेवलं. नव्या क्वार्टरबॅकचा शोध घेतला नाही. पहिल्या फेरीची निवड टेनेसीकडे गेलेली होती, त्यामुळे घेता येण्यासारखाही नव्हता. मग त्यांनी असलेल्याभोवती घर बांधायला घेतलं.

सगळ्यात मोठी भर डाव्या टॅकलची. सिनसिनाटीकडून अकरा मोसम खेळलेला ३५ वर्षांचा अँड्र्यू व्हिटवर्थ आला. ज्या खेळात तिशी ओलांडली की माणूस म्हातारा धरतात, तिथे पस्तिशीच्या माणसावर तीन वर्षांचा करार करणं धाडसाचं होतं. सेंटरला जॉन सलिव्हन आला, जो २०१६ मध्ये वॉशिंग्टनला होता आणि मॅकव्हेंची भाषा जाणत होता. सेंटरची ही बाब बाहेरून दिसत नाही. स्नॅपआधी समोरचा बचाव पाहून कुणी कुणाला अडवायचं, हे बऱ्याचदा सेंटर ओरडून सांगतो. अनुभवी सेंटर असला की क्वार्टरबॅकच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरतं. रॉबिन्सनला जूनमध्ये डेट्रॉइटला देऊन टाकलं.

रिसीव्हर बदलले. बफेलोहून रॉबर्ट वुड्स, ऑगस्टमध्ये तिथूनच सॅमी वॉटकिन्स, आणि तिसऱ्या फेरीत ईस्टर्न वॉशिंग्टन या लहान विद्यापीठाचा कूपर कप. कप आणि वुड्स दोघेही वाट अचूक पळणारे. जिथे असायचं तिथे त्या क्षणी असणारे. नवख्या क्वार्टरबॅकला वेगवान रिसीव्हरपेक्षा ठरल्या जागी सापडणारा रिसीव्हर जास्त उपयोगी पडतो, असं माझं ठाम मत आहे.

इथे पैशाचं गणितही सांगायला हवं. २०११ पासून नवख्यांच्या करारांवर ठरलेली मर्यादा आहे. पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅकही पहिली चार वर्षं मुरलेल्या क्वार्टरबॅकच्या मानाने स्वस्त पडतो. संघांच्या एकूण पगारावर मर्यादा असल्यामुळे इथे वाचलेला पैसा इतरांवर खर्च करता येतो. व्हिटवर्थ आणि वुड्स त्या जागेत बसले.

आणि मग हेल्मेटमधला आवाज. एनएफएलमध्ये क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर असतो, मागे हिरवा ठिपका असतो. ४० सेकंदांच्या घड्याळावर १५ सेकंद उरले की आवाज आपोआप बंद होतो. मॅकव्हे संघाला चाल सुरू होते त्या रेषेवर लवकर आणायचे. बचाव उभा राहिलेला दिसायचा आणि घड्याळावर अजून १५ हून जास्त सेकंद असायची. तेवढ्यात ते गॉफच्या कानात सांगायचे की समोर काय दिसतंय, चाल बदलायची का. मग खट्. आवाज बंद, आता तू. पोराला सायकल शिकवताना मागून धरलेला हात ज्या क्षणी सुटतो, तसा तो क्षण प्रत्येक चालीला यायचा.

चालीही सोप्या केल्या, निदान त्याच्यासाठी. बहुतेक वेळा तेच तीन रिसीव्हर, एक टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा), एक धावणारा. धाव आणि पास सुरुवातीला सारखेच दिसायचे. गर्लीला चेंडू दिल्यासारखं करायचं, बचाव पुढे झेपावला की मागच्या मोकळ्या जागेत पास. हे प्ले-ॲक्शन धावीच्या धाकावर चालतं, म्हणून लाइन, गर्ली आणि गॉफ तिघांची प्रगती एकमेकांत गुंतलेली होती.

## परिणाम

१० सप्टेंबर २०१७, पहिला सामना. इंडियानापोलिसविरुद्ध ४६-९. गॉफचे २९ पैकी २१ पास, ३०६ यार्ड. आदल्या वर्षी याच सुमारास तो तिसरा होता.

मोसमाअखेर त्याचे १५ सामन्यांत ११ विजय, ६२.१ टक्के पास, ३,८०४ यार्ड, २८ टचडाउन, ७ इंटरसेप्शन. सॅक २५, तेही दुपटीहून जास्त सामन्यांत. दर शंभर प्रयत्नांत अकराचे पाच झाले. एका पासप्रयत्नामागे ५.३ यार्ड मिळत होते, ते आता आठ. गर्ली त्या वर्षीचा सर्वोत्तम आक्रमक, मॅकव्हे सर्वोत्तम प्रशिक्षक. पुढच्या मोसमात संघ १३-३ आणि सुपर बोलमध्ये.

एक मर्यादा प्रामाणिकपणे मांडायला हवी. दुसऱ्या वर्षी अनेक खेळाडू पहिल्यापेक्षा बरे खेळतात. गॉफने उन्हाळाभर घाम गाळला तो त्याचाच होता. सगळं श्रेय संघाला देणं म्हणजे त्याच्यावर पुन्हा अन्याय. पण सॅकचं प्रमाण बघा. ते निम्म्याच्या आसपास आलं, यात त्याच्या सुधारणेइतकाच व्हिटवर्थचा हात आहे.

## आधाराची दुसरी बाजू

३ फेब्रुवारी २०१९ ला अटलांटात न्यू इंग्लंडने रॅम्सना १३-३ हरवलं. गॉफचे ३८ पैकी १९ पास, एकही टचडाउन नाही, चार सॅक. चौथ्या सत्रात स्टीफन गिलमोरने त्याचा पास पकडला. न्यू इंग्लंडचा बचाव आपली खरी रचना शक्य तितकी उशिरा उघडी करत होता. कानातला आवाज बंद झाल्यानंतर चित्र बदललं की निर्णय एकट्या गॉफचा.

सप्टेंबर २०१९ मध्ये त्याला मोठा करार मिळाला, पण पुढची दोन वर्षं घसरणीची गेली. लाइन म्हातारी झाली, गर्लीचा गुडघा साथ देईना. जानेवारी २०२१ मध्ये रॅम्सनी मॅथ्यू स्टॅफर्डच्या बदल्यात त्याला डेट्रॉइटला देण्याचं ठरवलं, वर पहिल्या फेरीच्या दोन निवडीही दिल्या. म्हणजे त्याला नेण्यासाठी वर दाम मोजावे लागले. हे वाचताना मला आजही वाईट वाटतं.

माझा निष्कर्ष इथे थोडा कडवट आहे. २०१७ चा आधार उत्तम होता, पण त्यातला काही भाग गॉफच्या वतीने विचार करणारा होता. त्याला विचार करायला शिकवणारा भाग त्यामानाने कमी. पहिल्या वर्षी असा आधार लागतोच. तिसऱ्या वर्षीही तो तेवढाच लागत असेल, तर मध्ये कुठेतरी हात सोडायचा राहिला.

## वेगळं काय करता आलं असतं

२०१६ च्या व्यवहारात निवडी इतक्या उधळल्या गेल्या की पुढे उभं राहायला कुणी उरलं नाही. पहिला क्रमांक घ्यायचाच होता, तर त्याच वसंतात एखादा अनुभवी टॅकल बाजारातून आणायला हवा होता, वर्षभराने नव्हे.

शिबिरात तो तिसरा ठरला, हेही ठीक. पण आठवड्याला ठरावीक चाली मुख्य रिसीव्हरांबरोबर, सेंटरमागून स्नॅप घ्यायचा वेगळा सराव, हडलमध्ये चाली मोठ्याने सांगायचा सराव, एवढं कागदावर मांडून पाळता आलं असतं. त्याला वेळ लागतो, पैसा लागत नाही.

लंडननंतरचा सुट्टीचा आठवडा तर हातचा गेलाच. आणि उतरवलं तेव्हा बर्कलीतल्या सवयीच्या चाली, शॉटगन, वेगाने रेषेवर येणं, यांचा वापर वाढवता आला असता. नव्या माणसाला नवी भाषा शिकवताना त्याची जुनी भाषा बंद करायची नसते.

मोसम सुरू असताना प्रशिक्षक काढायचा निर्णय मालकांचा होता, आणि ४-९ वर तो टाळणं कठीण होतं. पण गुरुवारच्या सामन्याला तीन दिवस असताना, नव्या हाताखाली, नवख्याला खेळवायला हवं होतं का? मी कीनमला खेळवलं असतं.

मॅकव्हेंच्या काळासाठी माझी एकच सूचना. दुसऱ्या वर्षापासून काही चालींना कानातला आवाज मुद्दाम आधी थांबवायचा. सरावात तरी.

डेट्रॉइटला गॉफने पुन्हा तळापासून सुरुवात केली. पहिल्या मोसमात संघ ३-१३-१. हळूहळू पिनी स्यूएल, फ्रँक रॅग्नो, टेलर डेकर यांची लाइन उभी राहिली आणि आक्रमण आखायला बेन जॉन्सन आले. त्यांनी गॉफला आराखड्यात सामील करून घेतलं, त्याला काय आवडतं ते विचारून चाली बसवल्या. १४ जानेवारी २०२४ ला फोर्ड फील्डवर समोर रॅम्स होते, पलीकडच्या रेषेवर मॅकव्हे. डेट्रॉइट २४-२३ पुढे होतं आणि घड्याळावर साधारण दोन मिनिटं उरली होती. अशा वेळी धावून घड्याळ खाणं सुरक्षित. जॉन्सननी पासची चाल दिली. कानातला आवाज बंद झाला, गॉफने स्नॅप घेतला आणि चेंडू अमन-रा सेंट ब्राऊनच्या हातात गेला. फर्स्ट डाउन, म्हणजे चेंडू डेट्रॉइटकडेच राहिला. डेट्रॉइटने ३२ वर्षांत पहिल्यांदा बाद फेरीचा सामना जिंकला होता, आणि स्टेडियम गॉफचं नाव घेऊन ओरडत होतं.